दोनवरची टाळी

खोली भाड्याने देण्याआधी त्यांनी मला टाळी वाजवायला सांगितली.

घरमालकांच्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करूनच गेलो होतो. गाव परभणीकडचं, कंपनी चाकणला, लग्न अजून नाही, मित्र येणार नाहीत, आलेच तर राहणार नाहीत. पिंपळे गुरवमधल्या त्या दुमजली घराच्या गॅलरीत बसलेल्या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही. साठी ओलांडलेली, पण अंगात कडक इस्त्रीची पँट आणि पायात टोकदार काळे बूट, तेही स्वतःच्याच घरात. केस तेल लावून मागं वळवलेले आणि कपाळावर त्यांचाच एक तुरा काढलेला. त्यांनी खिळ्यावरची गिटार काढली, मांडीवर घेतली आणि वाजवायला लागले. मग मानेनंच मला खूण केली, की वाजव.

"काय वाजवू?"

"टाळी. कुठं वाटेल तिथं."

आता मी गावाकडं भजनात तबला वाजवणारा माणूस. म्हटलं, ही परीक्षा तर आपल्याच विषयाची निघाली. मी थोडा वेळ मान डोलावली आणि समेवर खणखणीत टाळी दिली. त्यांनी तारांवर पंजा ठेवून गिटार गप्प केली. मी चपला घालून त्यांच्या गादीवर चढलोय अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं आणि आत हाक दिली, "एकवाला आहे गं."

आतून बाईचा आवाज आला, "मग काय झालं? द्या की खोली. मी बी एकवालीच हाय, मला न्हाई का ठेवली घरात?"

खोली मिळाली. लग्न होऊन मोशीला फ्लॅट घेईपर्यंत मी तिथंच राहिलो, आणि त्यानंतरही रविवारी माझी गाडी आपोआप पिंपळे गुरवकडं वळायची. बायको म्हणायची, एवढा जीव तुमचा सासुरवाडीवर नाही. खरं होतं ते.

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, एकवाली आणि दोनवाली. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार असे सारखे ठोके मोजत राहा. आपल्याकडं आरती असो, भजन असो, नाहीतर वरातीतला बँड, आपली टाळी एकवर पडते आणि तीनवर पडते. रॉक अँड रोलची टाळी पडते दोनवर आणि चारवर. फरक म्हटला तर एवढाच. पण काकांनी या एवढ्याशा फरकावर अख्खं आयुष्य बेतलं होतं.

"एकवर टाळी देणारा माणूस उतावळा," ते म्हणायचे. "गाणं अजून दारात आहे तोवर हा त्याला मिठी मारायला धावतो. दोनवाला त्याला आत येऊ देतो, बसू देतो, मग पाणी विचारतो."

आणि मग सगळी दुनिया याच मापानं मोजली जायची. भाजीवाल्यानं वजन करायच्या आत पिशवी पुढं करणारी बाई एकवाली. सिग्नल हिरवा होण्याआधी हॉर्न मारणारा एकवाला. नगरसेवक तर झाडून सगळे एकवाले. माझ्या कंपनीतल्या मॅनेजरबद्दल मी काही तक्रार सांगायला लागलो की ते हात वर करून थांबवायचे, "कळलं. एकवाला आहे. चहा घे." गल्लीतली पोरं त्यांना 'दोनचार काका' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

दोनवाली माणसं त्यांनी उभ्या आयुष्यात फार थोडी पाहिली होती. त्यातली बरीचशी एकाच संध्याकाळी, एकाच हॉलमध्ये.

तो हॉल खडकीत होता. काका तेव्हा जेमतेम विशीतले. त्यांचे वडील लष्कराच्या मेसमध्ये वाढपी, त्यामुळे साहेबलोकांच्या रेकॉर्डी लहानपणापासून स्वयंपाकघराच्या दारामागून कानावर पडलेल्या. पुढं पिंपरीला कारखाने उभे राहिले तेव्हा ते एका कंपनीत पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या प्रेस शॉपला चिकटले, आणि तिथं टूलरूममधल्या एका गोव्याच्या माणसाशी त्यांची गट्टी जमली. त्या माणसाकडं गिटार होती. सुट्टीच्या दिवशी दोघं दापोडीला नदीकाठी बसून वाजवायचे. गाणी रेडिओवरून उचलायची, खरखरीतून जेवढी हाताला लागतील तेवढी. शब्द कोणाच्या बापाला कळायचे? काका ती गाणी ज्या इंग्रजीत म्हणायचे ती जगात दुसरीकडं कुठं बोलली जात नसावी. मी एकदा भीत भीत एका ओळीचा अर्थ विचारला.

"अर्थ?" ते म्हणाले. "अर्थ गिटारीत असतो. तोंडानं नुसती सोबत करायची."

पुढं त्यांनी स्वतःची गिटार घेतली. तिचा आवाज मोठा व्हावा म्हणून मोटार रिवाइंडिंगची तांब्याची तार गुंडाळून, आत लोहचुंबक बसवून त्यांनी तारांचा कंप पकडणारा पिकअप घरीच बनवला. पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी रेडिओवाल्यानं जुन्या रेडिओचा अँप्लिफायर करून दिला. तो पहिल्यांदा जोडला तेव्हा सगळ्या चाळीचे दिवे गेले, हे ते फार अभिमानानं सांगायचे. बूट, तुरा, मागच्या खिशातला कंगवा, सगळं त्याच काळातलं. बाकी जग बदललं, पँटचे पाय रुंद झाले, पुन्हा अरुंद झाले, काका जिथल्या तिथं उभे राहिले.

तर तो हॉल. गोव्याच्या माणसाच्या ओळखीतल्या कोणाचं तरी लग्न होतं आणि संध्याकाळी पार्टी. पाच जणांच्या बँडमधला एक जण आजारी पडला म्हणून काकांना मागच्या खुर्चीवर बसवलं, नुसता ताल धरायला. हॉल भरलेला. रेल्वेतली अँग्लो-इंडियन माणसं, लष्करातली माणसं, फुगीर झग्यातल्या पोरी, कोपऱ्यात आजीबाई. दुसरं गाणं सुरू झालं आणि ते घडलं.

"कोणी सांगितलं नव्हतं रे," काका सांगायचे. "पोरं, म्हातारी, वाढपी, दारात उभे राहिलेले टांगेवालेसुद्धा. सगळा हॉल एकदम दोनवर. मी वाजवत होतो, पण मला वाटत होतं, खालून कोणीतरी आपल्याला अलगद उचलून धरलंय. हात सोडून दिले असते तरी गाणं पडलं नसतं."

गोष्ट इथवर आली की ते खिशातून कंगवा काढून केस सारखे करायचे. तेवढा वेळ कोणी काही बोलायचं नाही, हा नियम.

"नंतर ते लोक गेले," मग ते म्हणायचे. "कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडाला. आमचा गोव्याचा दोस्त आखातात गेला. हॉल पाडला. मला तसं काही नको राव. पेन्शन आहे, घर आहे. फक्त एकदा ऐकायचंय पुन्हा. भरलेला हॉल, दोनवर. एकदाच."

हे ते इतक्या साधेपणानं म्हणायचे की पहिल्यांदा मला हसू आलं होतं. पुढं पुढं मात्र हसू येईनासं झालं.

त्यांचं लग्नसुद्धा रॉक अँड रोलच्या कृपेनंच झालेलं. काकू निघोज्याच्या. आज त्या गावाच्या चहूबाजूंनी कंपन्याच कंपन्या आहेत, पण तेव्हा तिथं बाजरी होती आणि अंधार होता. काकूंच्या वडिलांनी मध्यस्थाला विचारलं, पोरगा कंपनीत आहे ते ठीक, पण सुट्टीच्या दिवशी काय करतो? दारूबिरू? मध्यस्थ म्हणाला, छे, सुट्टीला तो रॉकेनरोल करतो. वडिलांच्या कानानं त्यातलं 'रॉकेल' तेवढं धरलं. रॉकेलच्या एका डब्यासाठी तासन् तास रांगेत उभं राहायचे दिवस होते ते. कंपनीत नोकरी आणि वर रॉकेलचा जोडधंदा, असा जावई पंचक्रोशीत नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली.

"लगीन झाल्यावर महिनाभरात माझं समदं माहेर डबे घिऊन दारात," काकू सांगायच्या आणि सांगता सांगता त्यांना हसू आवरायचं नाही. "चुलते, मावसभाऊ, शेजारचा पाटील. आता काय करावं मानसानं?"

"मग काकांनी काय केलं?"

"करत्यात काय? समद्यांला बसवलं रांगंत अन् दोन गानी ऐकवली. चुलता म्हनला, जावयाचं डोस्कं फिरलंय, पर मानूस बरा हाय. मग रिकामे डबे घिऊन गेले बिचारे."

निघोज्यात काका कायम 'रॉकेलवाले पाहुणे'च राहिले. मी त्यांना म्हणायचो, काका, तुमच्यावर आयुष्यात एकाच माणसाचा गैरसमजानं विश्वास बसला आणि त्यानं पोरगी देऊन टाकली. ते म्हणायचे, "चूक माझीही झाली. लग्नाआधी टाळी बघायची राहिली."

कारण काकू एकवाल्या होत्या, आणि साध्यासुध्या नाही. त्या घरातली संध्याकाळ ठरलेली असायची. चहा झाला की काका गॅलरीत गिटार घेऊन बसायचे आणि काकू शेजारी लसूण सोलत. पहिलं गाणं सुरू झालं की काकू लसूण बाजूला ठेवायच्या आणि टाळी द्यायच्या. एकवर. काका थांबायचे, मोठा सुस्कारा टाकायचे, गिटार भिंतीला टेकवायचे, खुर्ची ओढून काकूंना खेटून बसायचे आणि त्यांची दोन्ही मनगटं आपल्या हातात धरायचे.

"एक... नाही, हात लांबच ठेव. दोन... हं. तीन... गप्प. चार... हं. कळलं?"

"व्हय, कळलं."

मनगटं सुटली की काकू चार-दोन टाळ्या बरोबर द्यायच्या आणि मग गाडी पुन्हा एकवर. पुन्हा गिटार भिंतीला, पुन्हा खुर्ची, पुन्हा मनगटं. जिन्यात बूट काढताना मला हे सगळं रोज दिसायचं. मी तबलजी असूनही काही महिन्यांत दोनवर आलो, आणि काकांनी त्या आनंदात मला एक पाणीपुरी खाऊ घातली. काकू मात्र तिथंच.

"सगळी हयात शिकवतोय बाईला," ते माझ्याकडं बघून म्हणायचे. "पोरगी बँकेत ऑफिसर झाली, पण हिची टाळी काही सरकली नाही."

काकू पदर तोंडाला लावायच्या. "माझ्या डोस्क्यात न्हाई शिरत. काय करू?"

मला बरेच दिवस कोडं होतं, की रेडिओच्या खरखरीवर वाढलेल्या या माणसाच्या हाडात ही दोनवरची टाळी इतकी घट्ट कशी बसली. एका रविवारी त्यांनी ते गॅलरीच्या कठड्यावर हातानं करून दाखवलं. प्रेस शॉपमध्ये दोन प्रेस शेजारी शेजारी, एकावर काका आणि दुसऱ्यावर त्यांचा जोडीदार.

"एकवर हात आत, पत्रा घालायचा. दोनवर माझी प्रेस खाली. तीनवर पुन्हा हात आत, पार्ट काढायचा. चारवर शेजाऱ्याची प्रेस खाली. घाल, ठोक, काढ, ठोक. शिफ्टभर हेच, आणि ओव्हरटाइम असला तर त्याच्यावर पण हेच. आता सांग, एकवर टाळी दिली तर काय होईल?"

मी कठड्यावरच्या त्यांच्या हाताकडं बघितलं.

"बोटं जातील," ते म्हणाले. "एकवर हात आत असतो रे बाळा."

जोडीदाराची दोन बोटं तशीच गेली होती, दिवाळीच्या तोंडावर, कामाच्या घाईत. त्याबद्दल काका एवढंच बोलायचे, "एकवर गेला." मी त्यांना सांगितलं, की आमच्या चाकणच्या कंपनीत आता हात आत गेला की प्रेस आपोआप थांबते, पुढं उजेडाचा पडदाच बसवलेला असतो. त्यांनी मनापासून मान डोलावली. "चांगलं झालं," म्हणाले. "पण मग तुम्हाला ताल कोण शिकवणार?"

काकांची दहाही बोटं शाबूत राहिली. कान मात्र त्या प्रेसनं घेतले. तेव्हा कानात घालायला कोणी काही देत नव्हतं, आणि दिलं असतं तरी काकांनी घातलं नसतं, कारण मग ठोका कसा ऐकू आला असता? मी राहायला आलो तेव्हाच त्यांना दारावरची बेल ऐकू यायची नाही. वर्षागणिक त्यात भर पडत गेली.

त्याच सुमाराला गल्लीतल्या गणेश मंडळानं त्यांना एका संध्याकाळी वाजवायला बोलावलं. मंडळाचा अध्यक्ष घरी आला, मान, श्रीफळ वगैरे बोलायला लागला. काकांनी मध्येच विचारलं, "माणसं किती येतील?" मांडव भरेल म्हटल्यावर ते तयारीला लागले. जांभळा शर्ट शिवून घेतला. कार्यक्रमाच्या दिवशी माईक हातात घेऊन त्यांनी लोकांना नीट समजावलं, टाळी कुठं द्यायची, कुठं नाही. करून दाखवलं. लोकांनी गंमत म्हणून दोनवर सुरुवातही केली. मी ढोलकी घेऊन मागं होतो. पहिलं कडवं निम्मं होईपर्यंत मांडव दोनवर होता. मला आठवतंय, काकांचा चेहरा असा उजळला होता की तो बघून मला भीती वाटली. आणि मग पुढच्या रांगेतला एक जण घसरला. त्याचा शेजारी घसरला. बघता बघता सगळा मांडव एकवर आला, टाळ्यांचा वेग वाढला, दुसऱ्या कडव्यात त्याची आरती झाली आणि मागून कोणीतरी "मोरया" म्हणून आरोळी ठोकली.

काकांनी तारांवर पंजा ठेवला. "तुम्ही मला ढकलताय," ते माईकवरून म्हणाले. "मी पडेन." आणि खाली उतरले.

"काय वाजवलं राव काकांनी!" अध्यक्ष मला म्हणाला. त्याला खरंच आवडलं होतं.

घरी काकूंनी चहा ठेवला. "पुढल्या साली वाजवतील बरोबर," त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या.

"पुढल्या साली मला ऐकू येणार नाही," काका म्हणाले.

त्यांचा अंदाज एखाद-दुसऱ्या वर्षानं चुकला इतकंच. मुलीनं चांगलं श्रवणयंत्र आणून दिलं. ते घातलं की कुकरची शिट्टी छान ऐकू येते आणि गिटार मात्र पत्र्याच्या डब्यातून येते, म्हणून त्यांनी ते काढून शर्टच्या खिशात टाकलं. मग ते हनुवटी गिटारीच्या कडेवर टेकवून वाजवायला लागले. "हाडातून येतं थोडं," म्हणायचे. हनुवटीवर त्याचा वळ पडला. तारा सुरात लावायचं काम माझ्याकडं आलं. मी समोर बसून बोट वर-खाली करायचो, ते खुंट्या पिळायचे. बरोबर लागली की मी मूठ मिटायचो, आणि ते डोळ्यांनीच विचारायचे, नक्की? रविवारी मोशीहून मी यायचो तो खरं तर एवढ्यासाठीच. हे आता लिहितानाही माझं बोट टेबलावर वर-खाली होतंय.

त्यांना पंचाहत्तरावं लागलं तेव्हा त्यांच्या मुलीनं निगडीत प्राधिकरणात एक हॉल घेतला. मी तिला म्हटलं, ताई, जेवण साधं ठेव, पण टाळीचं माझ्याकडं दे. पुढचे काही रविवार मी सगळ्यांची तालीम घेतली. नातेवाईक, गल्लीतली माणसं, जवळच्या बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या बायका. बायका तोंडानं एक-दोन-तीन-चार बरोबर म्हणायच्या आणि हातांनी एकवर टाळी द्यायच्या. एक मामा तर आकडे म्हणता म्हणता पाचवर जायचे. मी हात टेकले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी काका स्टेजवर आले, जांभळा शर्ट, काळे बूट, पांढराशुभ्र तुरा. मी उसना आणलेला ड्रम घेऊन मागं बसलो. त्यांनी हनुवटी टेकवली आणि सुरुवात केली. हॉलनं प्रेमानं टाळ्या द्यायला सुरुवात केली, अर्थातच एकवर. काकांना ऐकू येत नव्हतं, पण ते समोरचे हात बघत होते. स्वतःचा पाय एकवर पडतोय हे त्यांना ठाऊक होतं आणि ते हात त्या पायाबरोबर खाली येत होते. त्यांनी नजर गिटारीवर वळवली. वाजवणं थांबवलं नाही, पण खांदे उतरले. मला वाटलं, ड्रम टाकून हॉलबाहेर निघून जावं.

हॉलच्या मागच्या रांगेत त्यांच्या प्रेस शॉपचे रिटायर झालेले लोक बसले होते. कान सगळ्यांचेच गेलेले, त्यामुळे ते गाणं चालू असताना एकमेकांशी ओरडून गप्पा मारत होते आणि पुढचे लोक वळून वळून त्यांच्याकडं बघत होते. त्यांच्यातच तो जोडीदार होता. त्याचं लक्ष काकांच्या बुटाकडं गेलं. शॉपमध्येही कोणाला काही ऐकू येत नसेच, एकमेकांकडं बघूनच काम चालायचं. तो थोडा वेळ बघत राहिला. मग उठला, तीन बोटांचा हात वर केला आणि सगळा हॉल दचकेल अशा आवाजात ओरडला,

"घाल... ठोक! काढ... ठोक!"

मागची रांग गप्प झाली. आणि पुढच्या 'ठोक'ला त्या म्हाताऱ्यांचे हात एकदम एकत्र आले. दोनवर. मग चारवर. घाल, ठोक, काढ, ठोक. एकही हात आत राहिला नाही. त्यांच्या पुढची रांग वळून बघायला लागली आणि हसत हसत त्यांच्यात मिसळली. आकड्यांनी जे महिनाभर जमलं नव्हतं ते त्या दोन शब्दांनी झालं. महिला मंडळ आलं, पोरं आली, पाचवर जाणारे मामा आले. थोड्याच वेळात सगळा हॉल दोनवर होता, आणि ड्रम वाजवता वाजवता मला एकदम कळलं, काका इतकी वर्षं काय सांगत होते. खालून खरंच कोणीतरी उचलून धरतं.

काकांनी मान वर केली. समोर शेकडो हात, आणि सगळे बरोबर. ते बघत राहिले. मग वळून मला म्हणाले, "वाजतंय?" मी मूठ मिटून दाखवली. त्यांनी डोळ्यांनी विचारलं, नक्की? मी दोन्ही मुठी मिटल्या.

पण त्यांना ते ऐकायचं होतं. बघायचं नव्हतं. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि सावकाश स्टेजच्या पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत काकूंच्या समोर जाऊन उभे राहिले. मी ड्रम चालू ठेवला, हॉलनं टाळी चालू ठेवली. काकूसुद्धा टाळी देत होत्या. काकांनी आपला तळहात त्यांच्यापुढं धरला. काकूंनी क्षणभर त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि त्या तळहातावर टाळी द्यायला लागल्या. दोनवर. चारवर. एकदाही चुकल्या नाहीत. काका डोळे मिटून उभे होते, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

मग त्यांनी डोळे उघडले आणि बहिरी माणसं बोलतात तशा आवाजात ओरडले, "शिकली! अरे, शिकली ही!"

हॉल हसून हसून लोटपोट झाला. त्यानंतर ते होते तोवर भेटेल त्याला सांगायचे, सगळी हयात गेली, पण बायकोला शिकवलंच. हॉलचं नाव काढायचे नाहीत, काकूंचंच कौतुक.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. कंपनीच्या कार्यक्रमात मी दोनवर टाळी देतो आणि आजूबाजूची नवी पोरं माझ्याकडं दयेनं बघतात. काकू पिंपळे गुरवलाच आहेत. मुलगी चल-चल म्हणते, त्या जात नाहीत. मागच्या रविवारी गेलो तर गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या. गिटार खिळ्यावर आणि काकांची खुर्ची भिंतीशी.

"लाव की रं ते," त्या म्हणाल्या.

त्या कार्यक्रमाचं कोणीतरी केलेलं शूटिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी लावलं. काकांची गिटार, माझा ड्रम, जोडीदाराची आरोळी, आणि मग सगळा हॉल दोनवर. काकूंनी लसूण बाजूला ठेवला आणि टाळी द्यायला सुरुवात केली. एकवर.

वय झालं, मला वाटलं. मी हळूच म्हटलं, "काकू, दोनवर. विसरलात?"

"इसरते कशी?" त्या म्हणाल्या. "आरं, माहेरी मसाला कुटताना एका उखळात दोघी असायचो. एकवर आईचं मुसळ पडायचं, दोनवर माजं. चुकलं की टाळकं फुटंल. मला ल्हानपनापासनं येतंय ते."

"मग इतकी वर्षं तुम्ही..."

"बरूबर वाजवली आस्ती तर ते गानंच वाजवीत बसले आस्ते की. चुकली की थांबायचे. ती खुर्ची वढून जवळ बसायचे. हात धरायचे."

मोबाइलमध्ये काका "शिकली, शिकली" म्हणून ओरडत होते. मी विचारलं, "मग त्या दिवशी?"

"त्या दिशी त्यांना हॉल पायजे व्हता. मी न्हाई."

शूटिंग संपलं. त्यांनी मला ते पुन्हा लावायला सांगितलं आणि गाणं सुरू झाल्याबरोबर पुन्हा एकवर टाळी दिली, चांगली मोठ्यानं.

"काकू, अहो, आता कशाला?"

त्यांनी भिंतीजवळच्या खुर्चीकडं एकदा बघितलं.

"आता बी चुकून बघती," त्या म्हणाल्या. "येत्यात का."